चौदा पिढ्यांची फ्रेम

इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मराठी माणूस भेटला की ते आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि मगच चहा. कुठलाही विषय ते 'खलास' म्हणून मिटवतात. हॉलमध्ये त्यांच्या चौदा पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून लावलेली आहे. तिच्यात एकही बाई नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी डीएनए तपासून घेतला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले.

"वहिनी, यात आफ्रिका कुठून आली?"

"यात तपासलेला डीएनए फक्त आईकडून येतो. आई, तिची आई, असं मागे मागे गेलं की सगळेच आफ्रिकेत पोचतात."

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे आमचं घराणं सगळ्यात जुनं."

हे त्यांनी आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. खालच्या केनियन वॉचमनच्याही कानावर गेलं. एका सकाळी गृहस्थ आणि मी बरोबरच खाली उतरलो, तेव्हा दार उघडताना त्यानं हसून त्यांच्यापुढे हात केला, "गुड मॉर्निंग, कझिन."

गृहस्थांनी लॅपटॉपची बॅग डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि बाहेर पडता पडता मला म्हणाले, "ते आईकडचं, वहिनी. आपल्यात आईकडचं धरत नाहीत. खलास."