दोन बैठकांची बाबागाडी

शिरूरच्या स्टँडवर दौंडची एसटी लागली तेव्हा मी आधी सामान पाहिलं. ट्रंक टपावर, वळकटी सीटखाली, कळशी पायांत, सुभाष मांडीवर. तो तीन महिन्यांचा होता. दोन वर्षांची शकू माझ्या सासूबाईंच्या डाव्या कडेवर होती आणि तिथंच राहणार होती. एसटी सुटली. शकू रडली नाही; तिला वाटलं मी बाजाराला चालले. मीही रडले नाही. ट्रंकेला दोरी नीट बांधली होती का, एवढंच न्हावऱ्यापर्यंत डोक्यात होतं.

तुम्ही जी मंडळी आमच्या वाडीवर राहिलात, तुम्हाला ती एसटी पाठमोरी दिसली असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना ठाऊक आहे की आतून काही दिसत नाही. पुढच्या सीटची पाठ दिसते.

आमच्याकडे ही रीतच होती. दुसरं मूल झालं की थोरलं आजीजवळ. यजमानांना दौंडच्या रेल्वे लोको शेडमध्ये फायरमनची, इंजिनात कोळसा टाकायची, नोकरी लागली, क्वार्टर मिळाली, आणि आत्याबाईंनी (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची) विषय एका वाक्यात संपवला. "एक पोर ह्या कडंवर, एक त्या कडंवर, मग पाणी काय डोळ्यानं भरशील? थोरली ऱ्हाऊ दे माझ्यापाशी." प्रश्न बरोबर होता. आई म्हणाली, "सासू सांभाळतीया, नशीब समज." तेही बरोबर होतं.

वाडीवर मूल खाली ठेवायची वेळ क्वचितच यायची. एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जायचं. रेल्वे कॉलनीत कडेवर घेणारी मी एकटी. नळ ठरावीक वेळी, यजमानांची ड्यूटी कधीही. जातं वाडीवर राहिलं म्हणून दळण गिरणीत न्यायचं. सुभाषला एका हाताने धरायचं, डबा दुसऱ्या कडेला, आणि पदर दातात. मी कामं लावून घेतली. आधी नळ, मग गिरणी, मग बाजार. दिवस नीट जात होते. शकूची फार आठवण यायची असं मी म्हणणार नाही. भाकरी झाल्या की उरल्या पिठाची, पोराच्या हातात मावेल एवढी चानकी मात्र हाताने आपोआप थापली जायची. ती खायला कुणी नसायचं. मी खाऊन टाकायची आणि परात धुवायची.

पुढच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. त्याची बायको रोझीबाई. तेव्हा त्या लोकांची बरीच घरं विलायतेला निघाली होती. रोझीबाईने एके दिवशी घरातलं सगळं व्हरांड्यात मांडलं: खुर्च्या, पडदे, केकचे साचे, आणि दोन बाबागाड्या. एक उंच, काळी, चकचकीत, मोठ्या चाकांची, एका बाळाला झोपवायची. दुसरी तिच्या जुळ्यांची. तिला समोरासमोर दोन बैठका होत्या, मधे पाय सोडायला खोलगट जागा. रंग उडालेला, हूड एका बाजूने फाटलेलं.

मी दोन्ही नीट तपासल्या. चाकं फिरवली, ब्रेक लावून ढकलून पाहिलं, स्प्रिंगा दाबल्या. क्वार्टरच्या दाराची रुंदी हाताने मापून आले. काळी सहज आत गेली असती. जुळ्यांची घासून.

यजमान शेडमधून तसेच आले होते, तोंडाला कोळसा. म्हणाले, "काळी घे. हिला रंग तरी हाय."

"दुसरी घेऊ."

"एक पोर आन् दोन जागा? लोक म्हणतील, फायरमनला जुळं झालं आन् आमाला पेढं न्हाई."

"म्हणू द्या."

मग हात पुसून जुळ्यांच्या गाडीचा दांडा त्यांनीच धरला. शकूचं नाव दोघांनीही काढलं नाही. रोझीबाई म्हणाली, "दो बच्चा है ना तुम्हारा? अच्छा है. आमने-सामने बैठेगा तो रोएगा नहीं." तिचं स्वतःचं सामान दोरखंडाने बांधून तयार होतं. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. एसटीत बसताना माझाही तसाच असणार.

गाडी आली तरी दुसरी बैठक तशीच राहिली. रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गाडीही मी रिकामी हलवली नाही. सुभाषच्या समोर दळणाचा डबा बसवायची. कधी भोपळा, कधी रेशनची पिशवी. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "आज डबा जेवला का?" मी हसायची. सुभाष डब्याशी बोलायला शिकला.

गौरी-गणपतीला वाडीवर गेले तेव्हा शकूने मला दारातून पाहिलं आणि आत ओरडली, "आजे, दौंडची आई आली." सगळे हसले. मी पिशवीतून खाऊ काढला, ज्याचा त्याला दिला. रात्री आत्याबाईंजवळ विषय काढला. "गाडी घेतलीय. दोघं बसत्यात. आता शकूला नेते."

"गाडीला काय हात हायती का, पोर रडलं तर उचलायला?" त्यांनी शकूला स्वतःच्या गोधडीत ओढून घेतलं. यजमानांनी वर पाहिलं नाही. त्यांचा आईपुढे शब्द चालत नव्हता, आणि माझा तर नव्हताच.

सुगी आटोपल्यावर आत्याबाई आठ दिवस दौंडला आल्या. शकू बरोबर, अर्थात कडेवर. बाजाराला जायचं ठरलं. मी सुभाषला गाडीत बसवलं. दळणाचा डबा भरून दाराशी ठेवलेला होता. तो मी तिथंच राहू दिला.

रस्त्याला खडी होती. स्प्रिंगांमुळे गाडी डुलत होती, आणि सुभाषच्या समोरची बैठक रिकामी डुलत होती. आत्याबाई चार पावलं चालल्या. मग थांबल्या.

"रिकामी हलवू नगं ती."

"काय ठेवू, आत्याबाई? डबा घरी राह्यला."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, एखादा दगड दिसतो का असं. मग सुभाषकडे पाहिलं. मग शकूला कडेवरून उतरवून बैठकीत ठेवलं आणि तिचा परकर गुडघ्यावर सारखा केला. शकूने आधी दांडा धरला, मग भावाच्या पायाचा अंगठा. सुभाष तिला डब्याशी बोलायचा तसं बोलला. मी ढकलत राहिले. मला काहीतरी वाटायला हवं होतं. ब्रेक जरा घासतोय, एवढंच जाणवत होतं.

आत्याबाई बाजूने चालत होत्या. कडेवर कुणी नव्हतं, तरी डावी कंबर बाहेर काढून, त्याच बाजूला वाकून. बाजार येईपर्यंत तशाच चालल्या.

आठ दिवसांनी त्या एकट्या निघाल्या. मी काही मागितलं नव्हतं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तिला. आता उचलली तर पुन्यांदा जागा रिकामी व्हईल." एसटीत बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं, आणि खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, "तू डबा इसरायची न्हाईस, सुमन."

एसटी वळली. ह्या वेळी पाठमोरी मला दिसली.

आत्याबाई आता नाहीत. वाडीचं घर दिरांनी नीट ठेवलंय. रोझीबाईचं पुढे काय झालं कळलं नाही. मला कुणी घर विचारलं तर मी दौंड सांगते. इथंच माझी कामं आहेत. शकू आता कॉलेजात जाते आणि अजून वाडी सांगते. मी तिला दुरुस्त करत नाही. शेजारणीचं मूल उचलून घेते तेव्हा डाव्या कडेवर घेते आणि त्याच बाजूला वाकून चालते.

गाडी मागच्या पडवीत आहे. हूड केव्हाच गेलं, चाकं अजून फिरतात. एका बैठकीवर कोळशाची पाटी असते, दुसऱ्या बैठकीवर दळणाचा डबा. रिकामी मी ठेवत नाही.