जर्मनचा पिस्टन

कढईतून पांढरा फेस उसळला आणि मी रंगमंचावरच्या राजासारखा हात पुढे करून म्हणालो, “पाहा! काजळी कशी पळते आहे!”

सौंदडजवळच्या एका राईस मिलचे ते अंगण. साल पंचावन्न-छप्पन्न असेल. मी इंजिन विकणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक. मिलचे इंजिन अडले होते. त्याचा पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या पोटात खाली-वर धावणारा डबा, जळक्या तेलाच्या काजळीने जाम झाला होता. बाहेर सोमाजी नावाचा शेतकरी धानाची बैलबंडी घेऊन बायकोसह खोळंबला होता. परवा लेकीचे लग्न. वऱ्हाडाचा तांदूळ याच धानातून निघायचा होता.

काजळी काढायच्या रीती दोन. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासायचे, हे दिवसभराचे काम. नाहीतर कास्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायचे. लोखंड तासाभरात लख्ख.

“रॉकेलनंच करा ना साहेब,” मिलचे शेठजी म्हणाले. “पिस्टन जर्मनचा हाय, बरं का.”

जर्मनीचा माल! मी हरखलो. “मग तर चिंताच नको, शेठजी. सोडाच!”

अंगात पांढरा शर्ट, समोर गर्दी. तो काळा पिस्टन मी हातात घेतलाच नाही. बोटाने खूण केली आणि मजुरांनी तो आकड्याने आत सोडला.

फेस थांबेना. सोड्यात लोखंड असे खवळत नाही, हे मला ठाऊक होते. पण लोक वाहवा करत होते आणि मी ती घेत होतो.

पिस्टन बाहेर काढला तेव्हा तो देवीचे व्रण आल्यासारखा दिसत होता. कडा खाल्ल्या गेल्या होत्या.

“जर्मनीचा माल असून?” माझा आवाज चिरकला.

“जर्मनीचा कायले? नागपूरहून आणला. जर्मनचा म्हणजे याचा!” शेठजींनी चहाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, टिचकी मारली.

अ‍ॅल्युमिनियम! आमच्याही घरी जर्मनची पातेली होती. पण इंजिनाच्या धंद्यात माझ्यासाठी जर्मन म्हणजे देश. आणि कास्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. हातात घेतला असता तर हलकेपणावरूनच ओळखला असता.

नवा पिस्टन यायला आठवडा लागणार होता. सोमाजीची बायको कमरेला पदर खोचत म्हणाली, “आता ढेकीवरच कांडा लागते. अन् हे इंजिनरबाबू काऊन उभे राहून राहिले? या, पाय चालवा!”

ढेकी म्हणजे धान कांडायचे लाकडी यंत्र, पायाने दाबायचे. सोमाजीच्या आळीतल्या बाया हसून लोटपोट झाल्या. माझा पाय कधी आधी पडे, कधी नंतर. तांदळापेक्षा कण्याच जास्त निघाल्या.

लग्नात मला आग्रहाने पंगतीत बसवले. नवरदेवाच्या मामाने पत्रावळीतला भात चिवडला. “कायजी सोयरे, तुमच्या गावात अख्खा तांदूळ पिकत नाही का?”

सोमाजीने माझ्याकडे पाहिले. मी पत्रावळीकडे.

“औंदा धानच तसं होतं, जी,” तो म्हणाला.

धान उत्तम होते. कोणतीही वस्तू सोड्यात टाकण्याआधी हातात घेऊन तोलावी, एवढे मी त्यातून शिकलो.