ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या

देव ऐकतो की नाही, याचा विचार करायला मला कधी सवड नव्हती. ह्यांना जाऊन दोन वर्षे झाली आणि गेल्या पावसाळ्यात मला स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हा मात्र सवडच सवड झाली. मुलगा पुण्याला असतो. त्याला गाठ साधी आहे म्हणून सांगितले. बीडला केमोला एकटीच एसटीने जायची.

अशात मोबाइलवर मजकूर आला की हृदयाच्या काही गोळ्या कर्करोगावर चालतील का, याचा शोध सुरू आहे. ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या देवघरातल्या डब्यात तशाच होत्या. टाकायला हात धजला नव्हता. मला वाटले, देवानेच त्या ठेवायला लावल्या. रोज सकाळी एक गोळी दिव्यापुढे ठेवायची, हात जोडायचे आणि प्रसाद म्हणून घ्यायची. डॉक्टरांना विचारले नाही. खरे सांगायचे तर गोळी घेताना घरात कोणीतरी असल्यासारखे वाटायचे.

पाचव्या दिवशी गोळ्या सोबतीला पिशवीत घालून केमोला निघाले. चौसाळ्याला गाडी बदलायला उतरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सीताफळे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईने मला तिच्या पोत्यावर निजवले, पाणी पाजले. घरच्यांचा नंबर सापडतो का म्हणून तिने पिशवी उघडली, तर हाती गोळ्या लागल्या.

"ह्या तुझ्या हायेत?"

"मालकांच्या. ते गेले."

"मग त्यांचं औषध तू कावून खातीस, माय? त्यांच्याकडं जायची लई घाई हाय का?"

दोन वर्षांत असे कोणी टोकले नव्हते. सीताफळांची पाटी शेजारच्या विक्रेतीवर सोपवून ती दवाखान्यापर्यंत आली. माझी नाडी फार मंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, शोध चालू आहे हे खरे, पण अजून काही ठरलेले नाही. आणखी चार दिवस घेतल्या असत्या तर जिवावर बेतले असते. मी बाहेर आले तोवर ती निघून गेली होती.

पुढच्या खेपेला चौसाळ्यात तिला शोधले. हंगाम सरला होता, जागा रिकामी होती. नावही विचारले नव्हते. रोज दिव्यापुढे तिची आठवण काढते. देवावर भार टाकला असे मी म्हणत होते, पण सगळे मीच ठरवून त्याच्यापुढे नुसते सहीला ठेवत होते.

चौसाळ्यातल्या त्या रिकाम्या जागेपाशीच उभी राहून मुलाला फोन लावला आणि खरे ते सांगितले. तो म्हणाला, "आई, मी येतो."

दर वेळी मी "कशाला?" म्हणायची. त्या दिवशी "ये" म्हणाले.