घासलेटात धुतलेला फिल्टर

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्यात जीप असणाऱ्याला दोन गोष्टी मिरवता यायच्या. एक जीप, आणि दुसरं म्हणजे तिच्यात कंपनीचंच ऑइल नि कंपनीचाच फिल्टर पडतो हे चारचौघांत सांगणं. माझी जीप तिसऱ्या हाताची होती, म्हणून दुसरी गोष्ट मी जरा जास्तच मिरवायचो. सौसरच्या गॅरेजातले मिस्त्री सांगत, लोकल फिल्टर लावा, फक्त वेळेवर बदला. मला काही ते पटत नसे. मी नागपूरहून खोकाबंद मालच आणायचो.

बाबा रेल्वेत होते. तिगावच्या स्टेशनात सिग्नलचे कंदील पुसण्यात आणि भरण्यात त्यांची उमर गेली. दर दसऱ्याला ते खच्चून भरलेल्या पॅसेंजरने दीक्षाभूमीला जायचे. एकदा घरच्या जीपमध्ये पुढे बसून जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या वर्षी मी शब्द दिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन सौसर गाठलं. जुनं ऑइल काढून झालं, मी कंपनीचा खोका मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी उघडला, वास घेतला आणि फिल्टर माझ्यापुढे धरला. कागद फुगलेला, घड्या सुटलेल्या, वर घासलेटाचा वास. माझं डोकंच फिरलं. जुना माल नव्या खोक्यात घालून विकतो म्हणून नागपूरच्या दुकानदाराचा मी भर गॅरेजात उद्धार केला. बाकावर बसलेले बाबा उठून उभे राहिले.

"त्यानं नाही, म्या ठेवला. मागच्या खेपेचा धुतला. नवा माह्या पेटीत आहे, पुढं कामी येईन."

काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा मिस्त्रींचा रिवाज. मागचा फिल्टर तसाच माझ्यासोबत घरी आला होता. बाबांनी तो कंदिलाच्या बर्नरसारखा घासलेटात धुऊन उन्हात वाळवला होता. बाबा खाली बघत होते. आता म्हणतील, नाही जायचं मले नागपूरले, अशी भीती वाटली.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "काकाजी, धुतला तं चांगला. पण हा कागद आहे, फाटला का इंजन गेलं समजा. मी लोकल लावून देतो. आरामात जाऊन या."

दसऱ्याला बाबा पुढे बसून गेले. पांढराशुभ्र सदरा घातलेला, आणि मागे बसलेल्या घरच्यांना प्रत्येक गावाचं नाव आधीच सांगत होते. जीप कुठे कुरकुरली नाही. त्यानंतर मी लोकलच लावत राहिलो. पेटीतला नवा मागायला जीभ रेटली नाही.

बाबा गेल्यावर पेटी उघडली. त्यांच्या खाकी कोटात गुंडाळलेला तो फिल्टर निघाला, कोराच्या कोरा. जीप विकून तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी तो हातात धरून पोटभर रडलो, आणि पुन्हा कोटात गुंडाळून पेटीत ठेवला.