दादाचा फॉर्म

"विद्यापीठाला काय विचारतेस? दादाला विचार ना!" रांगेत माझ्यापुढे उभी असलेली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, आणि कॉलेजात आल्यापासून आठव्या दिवशी मला कळलं की बी. एस्सी.ची पदवी खरोखर कोणाच्या हातात असते. विद्यापीठ ती फक्त छापत असे. मिळवून देणारा दादाच.

दादा लासूर स्टेशनकडच्या एका वस्तीवरून यायचा. घरी मेंढरं होती. मध्येच कॉलेज सोडून दोन वर्षं तो त्यांच्यामागे रानोमाळ हिंडला आणि परत आला तेव्हा वर्गात सगळ्यांत मोठा ठरला, म्हणून दादा. प्राध्यापकसुद्धा त्याला दादाच म्हणत. परीक्षा विभागाच्या खिडकीशेजारच्या कट्ट्यावर त्याचं ठाणं असे. खिशात तीन पेनं, पिशवीत गोंद, स्टेपलर आणि कोणाकोणाचे जास्तीचे फोटो. एकदा घाईत त्याने दुसऱ्याच्या फॉर्मवर स्वतःचाच फोटो चिकटवला, तेव्हा खिडकीतले बाबू म्हणाले, "क्या मियाँ, कित्ते बार पास होते तुम?" हजेरी किती टक्के लागते, प्रॅक्टिकलचं जर्नल कधी सर्टिफाय करून घ्यायचं, किती विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाता येतं, सगळं त्याला तोंडपाठ. कोणी पास झालेले विषय सांगू लागलं की तो हात वर करायचा. "ते राहू दे. मागं काय राह्यलं ते बोल. दिसतात ती मेंढरं कोण मोजतंय? नाय दिसत त्यांची गिनती करायची असती." एका मुलीच्या जर्नलवर सही हवी होती आणि सर स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी रजेवर, तर हा थेट मंगल कार्यालयात. सरांनी अक्षतांचं ताट बाजूला ठेवून सही केली आणि त्याला जेवायला बसवलं. त्या जर्नलवर बासुंदीचा डाग शेवटपर्यंत होता.

मी इंग्रजी शाळेतली. मराठीत काही मागायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत खिडकी बंद होई. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला माझ्या हॉल तिकिटावर फोटोच आला नव्हता. मी जिन्याखाली रडत उभी होते. "काय झालं ताई?" म्हणत दादाने तिकीट हातातून घेतलं आणि तासाभरात सही-शिक्का करून आणून दिलं. त्याच तासाला त्याचा पर्यावरणाचा पेपर होता, हे मला मागाहून समजलं. तो पेपर सगळ्यांना सक्तीचा. त्यावाचून वर्ष अडत नाही, पण पदवी अडते. हे आम्हांला बजावणारा तोच. मी माफी मागायला गेले तर हसला. "लई सोपा असतो गं. झाडं लावा, पाणी वाचवा. आख्खी जिंदगी रानात गेली माझी. पुढच्या साली देतो."

पुढचं साल त्याचं अखेरचं होतं. पदवी पुरी करायला जी मुदत मिळते ती मेंढरांमागच्या दोन वर्षांनी खाल्ली होती; यापुढे परीक्षेला बसता येणार नव्हतं. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून तो दुसऱ्यांचे फॉर्म तपासत बसला आणि खिडकी बंद होता होता स्वतःचा भिंतीला टेकवून, उभ्या उभ्या भरला. रांगेत मी त्याच्या मागेच होते. 'मागील राहिलेले विषय' हा रकाना, जिथे पर्यावरण लिहायला हवं होतं, मोकळा होता. मला दिसला. 'दादा' एवढंच म्हणायचं होतं. पण वाटलं, नियम याला माहीत, काही सवलत असेल. आणि जिच्यामुळे पेपर बुडाला, तिनेच आठवण करून द्यायची? मी वाक्य जुळवत राहिले, बाबूंनी शिक्का मारला.

निकालाला बाकीचे सगळे विषय सुटले. दादाने कॉलेजभर पेढे वाटले. चितेगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी ठरली होती, फक्त पदवीचा कागद दाखवायचा होता. तो कागद आलाच नाही; पर्यावरण राहूनच गेलं होतं, त्याच्याही ध्यानातून निसटलेलं. बाबू हळहळत मार्ग शोधू लागले, तर दादानेच त्यांना नियमाचं कलम सांगून समजावलं की आता काही होणार नाही.

आता उस्मानपुऱ्यात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बी. एड.च्या अर्जासाठी मी गेल्या आठवड्यात तिथे गेले. त्याने लगेच ओळखलं, चहा मागवला, अर्ज भरला आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

"वाच एकदा. आपली चूक आपल्याला दिसत नसती. माझ्या टायमाला, बघ, रांगेत मागं कोणीच नव्हतं. असतं तर बोललं असतं की."

तो हसत होता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"दादा," मी म्हणाले, "मागे मी होते. रकाना मोकळा आहे, हे मी पाहिलं होतं."