'आय ॲम ऑफ' म्हणून हे निघाले

मैत्रिणींनो, एक विचारायचंय, म्हणून इथं लिहितेय.

आमचे हे टुरिस्टांची गाडी चालवतात. पाहुण्यांकडून ऐकलेलं इंग्रजी घरात झाडायची सवय लई. आज सकाळी अजिंठ्याला निघाले अन् दारातून ओरडले, "आय ॲम ऑफ!"

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे मी जातो!" अन् गाडी सुरू.

आमच्या घरात दारातून कुणी 'जातो' म्हणत नाय, 'येतो' म्हणतात. मी मागं पळाले, तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

दुपारी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. डोळ्यांपुढं नुसता अजिंठ्याच्या वाटेवरचा फर्दापूरचा घाट.

शेजारच्या इंग्रजीच्या मॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, "अहो, त्याचा अर्थ नुसता 'निघालो'. दूध नासलं तरी ऑफ म्हणतात, सुट्टी असली तरी ऑफ. घाबरताय काय एवढं?"

मी म्हटलं, "मॅडम, पण ह्यात परत यायचं कुठंय?"

त्यांनी डिक्शनरी काढली, पानं चाळली अन् परत ठेवली. मी घरी येऊन पुन्हा फोन लावला, बंदच.

दिवेलागणीला गाडी दारात आली. फोनचं चार्जिंग संपलं होतं म्हणे. सगळं ऐकून हे पोट धरून हसले. मी हसले नाय.

चहा पिऊन हे डिझेल भरायला निघाले, तेव्हा मात्र दारातून मागं वळून हळूच म्हणाले, "येतो गं."

उद्या पुन्हा घाट आहे. कुणाला ठाऊक असलं तर सांगा, इंग्रजीत घरातून निघताना 'येतो' कसं म्हणतात? सकाळच्या आत यांना शिकवायचंय.