फोटोची मागची बाजू

तपासणीला समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात सापडेल ते भिंतीवर चढतं. त्या वर्षी जुन्या वसतिगृहाचे ग्रुप फोटो चढले. प्रत्येक फोटोच्या मागे तेव्हाच्या कुणी कारकुनाने शाईने नावं लिहिलेली होती, बसलेले डावीकडून, उभे डावीकडून. मी तिथली ग्रंथपाल. आधी नावं तरी उतरवून घेऊ द्या, म्हणून मी बोंबलले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, समिती उद्या येऊन राहिली. मागची बाजू कोण बघतं?" झालं! डिंक थापून सगळे फोटो प्लायवर चिकटवले. समितीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

परवा नरखेडकडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. साठी कधीच उलटलेली. एसटीने आल्या होत्या, पिशवीत माझ्यासाठी संत्री. त्यांचे वडील या वसतिगृहात शिकत होते आणि ह्या आईच्या पोटात असतानाच तापाने गेले. घरी त्यांचा एकही फोटो नाही.

"एकडाव तोंड पाहू द्या जी."

वर्ष त्यांना ठाऊक होतं, म्हणून फोटो लगेच सापडला. त्यांनी पदर सारखा केला, जवळ गेल्या आणि विचारलं, "यातला माहा बाप कोणता व्हय?"

काय सांगणार, डोंबल! तीन रांगा पोरं, सगळ्यांचे केस तेल लावून चापून बसवलेले.

"माय म्हणे, लय उंच होता."

पण निम्मी पोरं बसलेली, त्यांची उंची कशी कळावी? मला रडू यायला लागलं आणि प्राचार्यांचा असा संताप आला की विचारू नका.

नावं मिळतील म्हणून मी ब्लेडने फोटोचा कोपरा उचलायला लागले. मागचा कागद प्लायलाच चिकटून राहिला. वरचा पापुद्रा तेवढा सुटला आणि कडेला उभ्या असलेल्या पोराचं अर्धं तोंड घेऊन गेला.

"राहू द्या जी, राहू द्या!" बाईंनी माझा हात धरला.

मी ब्लेड खाली ठेवलं. त्या एकेका पोराच्या तोंडावरून बोट फिरवत गेल्या. कडेच्या त्या फाटलेल्या पोरापाशी आल्या आणि थांबल्या.

"तू असशीन त माफ कर गा, बाबा."